हिरड्याच्या गोदामातला पाहुणा

"बादल्या हलवू नकोस, भागू." छत्री काखेत मारून निघालेल्या लीलाताई दारातून परत वळल्या. "सात आहेत. सातही जिथल्या तिथं. मधलं घमेलंसुद्धा."

"आणि भरून वाहायला लागल्या तर?"

"वाहू देत. साहेबांचे बूट भिजले तर उत्तमच."

मी हसले. त्याही हसल्या, पण डोळ्यांनी नाही. रात्रभर पाऊस झाला होता आणि पत्र्याच्या भोकांतून पाणी थेंबथेंब बादल्यांत पडत होतं. सातही बादल्यांचा आवाज वेगळा. मुलींना तो इतका पाठ झाला होता, की अंधारातसुद्धा कुठली बादली भरत आली ते त्या सांगायच्या.

"काही आवरू नकोस, काही झाकू नकोस. मुली जशा बसतात तशाच बसू देत. मी फाट्यावरून साहेबांना घेऊन येते." दोन पावलं जाऊन त्या पुन्हा थांबल्या. "आणि ती भिंतीवरची बुरशी पुसू नकोस गं बाई, तुझे हात शिवशिवतात, मला माहीत आहे."

एकोणीसशे एकोणसत्तरचा श्रावण होता आणि त्यातला सोमवार. मी सत्तावीस वर्षांची होते, ताई एकोणतिशीच्या. आंबेदरी गावाच्या टोकाला, ओढ्याच्या काठी, जंगलच्या ठेकेदाराचं एक जुनं गोदाम होतं. डोंगरातून गोळा केलेला हिरडा तिथं साठवायचे. ठेकेदार गेला, गोदाम ओस पडलं, आणि मग शहरातून आलेल्या लीला कारखानीस नावाच्या एका बाईनं ग्रामपंचायतीकडून ते मागून घेऊन तिथं मुलींचं वसतिगृह काढलं. वरच्या पाड्यांवरच्या मुली चौथीपर्यंत कशाबशा शिकायच्या आणि मग गुरांमागं जायच्या. त्यांना सातवीपर्यंत आंबेदरीच्या शाळेत शिकता यावं म्हणून ही खटपट. मुली एकवीस. हिरडा जाऊन चार वर्षं झाली होती, पण भिंतींतून त्याचा वास गेला नव्हता. पाऊस लागला की तो तुरट वास अंथरुणात, केसांत, भाकरीतसुद्धा उतरायचा.

मी तिथं गृहमाता होते. म्हणजे स्वयंपाक करायचा आणि मुलींना सांभाळायचं. नवऱ्यानं टाकल्यावर मी माहेरी भावजयीच्या हाताखाली दिवस काढत होते. ताईंनी मला तिथून उचलून आणलं. "अक्षर कुणाचं चांगलं आहे?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. मी सातवी झालेली होते आणि अक्षर वळणदार होतं.

त्या अक्षराचं काम त्या वर्षी उन्हाळ्यात पडलं. इमारतीसाठी सरकारी अनुदान मिळतं असं ताईंना कळलं. त्यांनी जिल्ह्याला तीन खेपा मारल्या आणि अर्जाचा नमुना आणला. तीन प्रती लागायच्या. दुपारी मुली शाळेत गेल्या की आम्ही ओट्यावर बसायचो. ताई सांगायच्या, मी लिहायचे. पहिल्या दिवशी मी कार्बन उलटा घातला आणि सबंध पान माझ्याच कागदाच्या पाठीवर उमटलं. ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्यानंतर रोज लिहायला बसताना त्या मला विचारायच्या, "काळी बाजू कुठं?"

"खाली."

"शाब्बास. कर सुरुवात."

अर्जातला सातवा रकाना होता, "संस्थेच्या सध्याच्या जागेतील अडचणी". चार ओळींची जागा होती. ताईंनी दोन पानं जोडली. छप्पर गळतं. जमीन ओलसर. पावसाच्या रात्री धाकट्या मुलींना शेजारच्या घरी झोपायला पाठवावं लागतं. तिघींना खोकला जडला आहे. लिहिता लिहिता माझा हात थांबला.

"काय झालं?"

"इतकं सगळं लिहायचं, ताई?"

"खोटं आहे का यातलं काही?"

"खोटं नाही. पण चारचौघांत आपलं हे असं..."

"भागू, अर्ज म्हणजे हळदीकुंकू नव्हे. इथं आपलं उणंच मांडायचं असतं. आणि मान वर करून मांडायचं. ते काही त्यांच्या घरचं देत नाहीत आपल्याला."

मी लिहिलं. पण ते दोन कागद लिहिताना माझे कान तापले होते, हे मला आजही आठवतं.

चौदावा रकाना मात्र मी फार मन लावून लिहिला. "मागणी केलेली वेतनी पदे". तिथं लिहायचं होतं, अधीक्षिका, एक. त्या एका शब्दावर सगळं लटकलेलं होतं. ताईंना दोन वर्षांत पगार असा नव्हताच. आदल्याच आठवड्यात नागपूरहून त्यांच्या भावाचं पत्र आलं होतं. ते त्यांनी ओढ्यावर धुणं धुताना मला वाचून दाखवलं.

"दादा म्हणतो, दिवाळीपर्यंत वाट बघतो. पगाराची जागा झाली तर आईला मी समजावीन. नाही झाली तर निमूट परत यायचं. आईला आता माणूस लागतं."

मी लुगडं पिळत होते. ते पिळून झाल्यावरही पिळत राहिले.

"आणि जागा झाली तर?"

"तर मग काय! इथंच. म्हातारी होईपर्यंत. तू भाकऱ्या कर, मी अर्ज करते."

म्हणून चौदावा रकाना मी इतका दाबून लिहिला, की तिसऱ्या प्रतीवरसुद्धा तो ठसठशीत उमटला. ताईंनी ती प्रत उन्हाकडं धरून बघितली आणि माझ्या डोक्यावर टपली मारली.

आणि आता पाहणीला साहेब येणार होते. त्यांनी शिफारस केली तरच अर्ज पुढं सरकणार होता.

ताई ओढा उतरून गेल्या आणि अर्ध्या तासात धुरपदाबाई आल्या. गावातलं वडीलधारं माणूस. पाच बाळंतपणं असोत की पन्नास माणसांचा स्वयंपाक, धुरपदाबाईंशिवाय आंबेदरीत पान हलत नसे. पावसाच्या रात्री आमच्या धाकट्या मुली त्यांच्याच पडवीत झोपायच्या. त्यांच्यामागं हौसा आणि आणखी चारपाच बाया. दारात उभं राहून धुरपदाबाईंनी आत नजर फिरवली आणि कपाळाला हात लावला.

"अगं ए भागे! सायेब यायचाय आन ही काय कळा?"

"ताईंनी असंच ठेवायला सांगितलंय."

"ती शहरातली. तिला काय ठावं? सायेब उद्या जिल्ह्याला जाऊन सांगंल, आंबेदरीच्या बायांना हातपाय नाय म्हणून."

"बादल्या तर अशा मांडल्यात," हौसा म्हणाली, "जसं काय भांड्यांचं दुकानच."

"ताई रागावतील मला."

"रागावली तर माझं नाव सांग. पाव्हणा वल्या भुईवर बसवायची रीत कुठली गं? तुझ्या आईनं शिकवली का तुला?"

मी काही बोलणार तेवढ्यात पाऊस थांबला आणि लख्ख ऊन पडलं. श्रावणातलं असतं तसं, धुतलेलं. बादल्यांतला आवाज एकेक करत बंद झाला. हौसानं वर बघून हात जोडले. "बघा, म्हादेवानंच उघडीप दिली."

पुढं कितीदा तरी मी स्वतःला सांगितलं, की बायांनी ऐकलं नाही, मी एकटी काय करणार होते! पण पहिली बादली मी उचलली. मला ती तशी दिसायला नकोच होती.

मग काय विचारता! दोन तासांत त्या बायांनी गोदामाचं देऊळ केलं. शेणानं सारवलं, भिंतींना पांढऱ्या मातीचा हात दिला, हिरड्याचा वास जावा म्हणून उदाची धुरी फिरवली. भजनी मंडळाची सतरंजी आली. कुणाच्या घरचे घासलेले तांब्याचे हंडे आले. मुलींची पोती, वाकळा, फाटक्या दप्तरांची गाठोडी मागच्या कुडाआड गेली. दारात रांगोळी. आता प्रश्न उरला मुलींचा.

"एवढ्या पोरी कुठं बसवायच्या?" धुरपदाबाई म्हणाल्या. "जत्रा भरल्यावानी दिसंल. थोरल्या राहू द्या हितं. धाकट्या चला माझ्या घरी."

धाकट्या नऊ होत्या. त्या उड्या मारत गेल्या. मी अडवलं नाही.

साहेब आले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती आणि बूट हातात होते. क्षीरसागर त्यांचं नाव. मध्यम वयाचे, किडकिडीत, फार चालून दमलेले. दारात ते थांबले, रांगोळी ओलांडायला पाय उचलेना. "वा," असं म्हणाले.

ताई त्यांच्यामागून आत आल्या. त्यांनी जमिनीकडं बघितलं, मग छपराकडं, मग माझ्याकडं.

"भागू," त्या इतक्या हळू म्हणाल्या की मलाच ऐकू आलं, "बादल्या?"

मी खाली बघितलं.

"साहेब, हे रोज असं नसतं," ताई म्हणाल्या. "बायकांनी तुम्ही येणार म्हणून..."

"लाजता कशाला, बाई? या महिन्यात दहा गावं पाहिली. इतकी स्वच्छ जागा पाहिली नाही." साहेब सतरंजीवर बसले. चांगले होते हो ते. बोलणं मऊ होतं. त्यांनी हजेरीपट मागून घेतला, बोट ठेवत खाली आले, आणि समोरच्या मुली मोजल्या.

"पटावर एकवीस. इथं बारा."

ताईंनी पुन्हा माझ्याकडं बघितलं.

"धुरपदाबाईंकडं आहेत," मी म्हणाले.

"मग बोलवा की."

हौसा धावत गेली. आणि त्या नऊ जणी आल्या. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. धुरपदाबाईंच्या हातांना थोडंच स्वस्थ बसवतंय! त्यांनी पोरींना न्हाऊ घातलं होतं, तेल चोपडलं होतं, अख्ख्या आळीतली ठेवणीतली परकर-पोलकी गोळा करून नेसवली होती. डोक्यात तेरड्याची फुलं. एकीच्या पायात नातीचे चांदीचे वाळे. आमच्या मुलींसारखी त्यांच्यातली एकही दिसत नव्हती. खात्यापित्या घरच्या लेकी दारावरून बोलावून आणाव्यात, तशा त्या ओळीनं उभ्या राहिल्या.

साहेबांनी सगळ्यांत धाकटीला जवळ घेतलं. सोनी तिचं नाव, पाचवीतली, पण दिसायला दुसरीतल्यासारखी.

"तू इथं राहतेस?"

सोनीनं जोरात मान हलवली.

"रात्री कुठं झोपतेस?"

"धुरपदाआजीकडं."

खरंच होतं ते. आठ दिवस पाऊस लागला होता आणि आठही दिवस ती तिथंच झोपत होती. ताई घाईघाईनं सांगायला लागल्या, "साहेब, पावसात इथं गळतं म्हणून आम्ही धाकट्यांना तिकडं..." साहेबांनी वर बघितलं. छपरावर ऊन पडलं होतं. बायांनी भोकांत चिंध्या कोंबल्या होत्या आणि खालून ती भोकं दिसतसुद्धा नव्हती. त्यांनी हजेरीपट मिटला.

"बाई, मी हे पहिल्यांदा पाहत नाही. पाहणीच्या दिवशी गावातल्या मुली आणून उभ्या करतात. सगळीकडेच करतात. तुमच्याबद्दल मी वेगळं ऐकलं होतं."

ताई ताडकन उठल्या.

"शाळेचा पट आणते. त्यात वसतिगृहाच्या मुलींपुढं खूण आहे. पाच मिनिटं थांबा, साहेब."

चपला न घालताच त्या पळाल्या. धुरपदाबाई आणि बाया आता गोंधळून बाहेर ओट्यावर गेल्या होत्या. काहीतरी बिनसलंय एवढं त्यांना कळलं होतं, काय ते कळत नव्हतं.

साहेबांचा सोमवारचा उपास होता. मी वरईची भगर आणि दाण्याची आमटी केली होती. त्यांना स्वयंपाकघरात पाट मांडून दिला. दोन घास त्यांनी खाल्ले. मग एकदम म्हणाले, "बाई, तुम्ही इथंच राहता ना?"

"हो."

"त्या शिकलेल्या आहेत. त्या मागणारच, त्यांचं कामच आहे ते. तुम्ही मला सरळ सांगा. तुमच्या एका शब्दावर मी लिहीन. पावसात इथं काही अडचण होते का?"

मी पळी हातात धरून उभी होते. ते बसले होते त्याच्या बरोबर वर एक भोक होतं आणि त्यात कोंबलेली हौसाच्या जुन्या चोळीची चिंधी मला दिसत होती. पळीतून भगरीची वाफ येत होती. बाहेर मुली कुजबुजत होत्या. बोट वर करायचं, एवढंच करायचं होतं.

"नाही, साहेब," मी म्हणाले. "कसली अडचण? काही कमी नाही. भगर घ्या ना अजून थोडी."

हे वाक्य माझ्या तोंडात तयारच होतं. सासरी असताना एकदा बाप मला बघायला आला होता. त्यानं ओसरीवर बसून, सासू आत गेल्याचं बघून, असंच हळू विचारलं होतं, "पोरी, खरं सांग, काही त्रास आहे का?" माझा भाजलेला हात पदराखाली होता. तेव्हाही मी म्हणाले होते, "कसला त्रास, बाबा? काही कमी नाही." आणि त्याला चहा दिला होता.

साहेबांनी खिशातली वही काढून काहीतरी लिहिलं आणि उरलेली भगर संपवली.

ताई आल्या त्या रिकाम्या हातानं. श्रावणी सोमवार म्हणून शाळा दुपारीच सुटलेली, गुरुजी कुलूप लावून त्यांच्या गावी गेलेले. आमच्या मुली पाहणीसाठी त्या दिवशी शाळेत पाठवल्याच नव्हत्या, त्यामुळं हे आम्हा कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. साहेबांनी बूट हातात घेतले. संध्याकाळी तालुक्याला बैठक होती, थांबणं शक्य नव्हतं. ताई त्यांना ओढ्यापलीकडं सोडायला गेल्या. चालताना हातवारे करून त्या काहीतरी सांगत होत्या, ते मला दारातून दिसत होतं.

त्या परतीच्या वाटेवर असतानाच पाऊस आला. चिंध्या भिजून खाली पडल्या. मी धावत जाऊन बादल्या आणल्या आणि एकेक जागेवर मांडल्या. ताई आत आल्या तेव्हा नखशिखांत भिजलेल्या होत्या. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सतरंजी उचला," त्या म्हणाल्या. "भजनी मंडळाची आहे. भिजेल."

केस पुसताना त्यांनी मला विचारलं, "मी शाळेत गेले तेव्हा साहेब काही बोलले का गं?"

"काही नाही," मी म्हणाले. "भगर आवडली म्हणाले."

गणपती बसायच्या आदल्या दिवशी जिल्ह्याहून पाकीट आलं. ताईंनी ते ओट्यावर उभ्यानं वाचलं. दोनदा वाचलं. मी हात पुसत बाहेर आले तर त्यांनी कागदाची घडी केली.

"नाही झालं. यंदाचा निधी संपला म्हणतात."

"त्या दिवशी मी सगळं आवरलं, त्याच्यामुळं का?"

"छे! तुझा काय संबंध? निधी संपला म्हटलं ना. पुढच्या वर्षी बघू म्हणतात." आणि मग नेहमीच्या आवाजात, "चहा कर बघू. आलं घाल जरासं."

मी चहा केला. आलं घातलं. निधी संपला होता, माझ्यामुळं काही नव्हतं, या आधारावर मी त्या दिवशी जेवू शकले.

दिवाळीच्या दहा दिवस आधी त्या गेल्या. मुली रडून रडून झोपल्यासारख्या झाल्या होत्या म्हणून त्यांना वसतिगृहातच ठेवून मी एकटी फाट्यावर पोचवायला गेले. पेटी माझ्या डोक्यावर होती. वाटेत कुठं पाय घसरेल एवढंच एकमेकींना सांगत होतो. एसटी आली. ताई चढल्या, खिडकीशी बसल्या, आणि पिशवीतून कार्बनचा डबा काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"पुढच्या वर्षीचा अर्ज तू लिही. सातवा रकाना तुझ्या शब्दांत लिही. लाजू नकोस."

"मला नाही जमायचं."

"जमेल. काळी बाजू कुठं?"

गाडी हलली. धुळीचा लोट खाली बसेपर्यंत मी तिथं उभी होते, आणि मग एकदम मोठ्यानं म्हणाले, "खाली." फाट्यावरचा पानवाला बघायला लागला.

अर्ज मी लिहिला. दुसऱ्या वर्षी फेटाळला गेला, तिसऱ्या वर्षी मंजूर झाला. पाहणीला वेगळे साहेब आले होते. त्यांना मी भर पावसात आत नेलं आणि बादलीशेजारी बसवलं. पुढं मी बाहेरून परीक्षा दिल्या, आणि चौदाव्या रकान्यातली ती जागा शेवटी मलाच मिळाली. अठ्ठावीस वर्षं मी त्या जागेवर होते. ताईंची पत्रं यायची. आधी महिन्याला, मग सणाला. आई गेल्याचं आलं. शाळेत नोकरी लागल्याचं आलं. इमारत झाली तेव्हा मी त्यांना बोलावलं, तर त्यांनी लिहिलं, "दमा फार झालाय, प्रवास झेपत नाही. पण नव्या भिंतींना हिरड्याचा वास येत नसेल, मग मला ती जागा आपली कशी वाटणार?" शेवटचं पत्र भाच्याच्या अक्षरात आलं. त्यालाही आता चाळीस वर्षं होत आली.

माझं अक्षर कधी ताईंसारखं झालं, मला कळलं नाही. ट अगदी त्यांचाच. कुणी म्हणालं की मला बरं वाटायचं.

गेल्या आषाढात आमची आत्ताची अधीक्षिका, सुवर्णा, पत्र्याची जुनी पेटी घेऊन माझ्या खोलीवर आली. सुवर्णा म्हणजे त्या सोनीची नात. आम्ही बांधलेली इमारतही आता गळते. नव्या इमारतीच्या अनुदानासाठी ऑनलाइन अर्ज भरायचा होता आणि जागेच्या ग्रामपंचायत ठरावाची मूळ प्रत सापडत नव्हती.

"आजी, ती तुमच्या वेळच्या कागदांत असेल."

ठराव कुठं असणार ते मला ठाऊक होतं. पहिल्या अर्जाच्या फाइलीत. ती फाईल मी कधीच उघडली नव्हती. तिच्या नाडीची गाठ ताईंनी जाण्याआधी स्वतः मारली होती, आणि ती सोडायचा मला धीर होत नव्हता. ठरावाची नक्कल जोडून मी इतकी वर्षं काम भागवलं होतं. आता मूळच प्रत हवी होती. सुवर्णाला म्हटलं, "माझी बोटं चालत नाहीत, तूच सोड." तिनं चटकन सोडली.

ठराव होता. अर्जाची तिसरी प्रत होती, चौदावा रकाना अजून ठसठशीत. आणि सगळ्यांत खाली ते पाकीट होतं. त्यातल्या पत्रात निधी संपल्याचा शब्दही नव्हता. पाहणीचा अभिप्राय होता. जागा कोरडी, प्रशस्त, उत्तम स्थितीत. पटसंख्या संशयास्पद. आणि शेवटची ओळ, "गृहमातेस स्वतंत्रपणे विचारले असता कोणतीही अडचण नसल्याचे त्यांनी सांगितले. सबब, शिफारस नाही."

त्याखाली पेन्सिलीनं, ताईंच्या अक्षरात, दोन ओळी होत्या. पुसट झालेल्या, पण ट वरून ओळखू येत होतं.

"भागूला दाखवू नये. नवऱ्यानं टाकलेलं पोर, आलेल्याला उणं दाखवायला शिकलंच नाही. शिकेल."

सुवर्णा फोनवर बोलत होती. ठेवल्यावर मला म्हणाली, "आजी, गुरुवारी पाहणीची कमिटी येतेय. मुलींना सांगते, सगळं चकाचक करून ठेवा."

"काही करू नका," मी म्हणाले. "जिथं गळतं तिथं बादली ठेवा. भरली तरी हलवू नका."

"बरं," ती हसून म्हणाली आणि ठराव घेऊन खाली गेली.

खोलीत मी एकटी होते. कागद नाकाशी नेला. हिरड्याचा वास होता की मला वाटला, कुणास ठाऊक. समोर पाट नव्हता, साहेब नव्हते, पळी नव्हती. छप्पन्न वर्षं तोंडात अडकलेलं वाक्य मग माझं मलाच ऐकू आलं.

"आहे, साहेब. फार अडचण आहे. ह्या बाई गेल्या तर मला फार अडचण होईल."

"काय म्हणालात, आजी?" जिन्यावरून सुवर्णानं विचारलं.

मी पुन्हा म्हणाले. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.